सरांना पसंत पडेल अशी पाटी

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या दोन प्रकरणांची सरांनी केलेली दशा मी अजून जपून ठेवली आहे. पानाच्या कडेला शिसपेन्सिलीचे बारीक शेरे, कडेची जागा संपली की पान उलटून मागे. ‘पुरावा?’ ‘हे तुला कुणी सांगितलं?’ एका ठिकाणी तर ‘हा परिच्छेद जागेपणी लिहिला होतास का?’ पन्नाशीला टेकलेल्या, कॉलेजात स्वतः मुलांचे पेपर तपासणाऱ्या बाईला असं कुणी लिहिलं की डोकं फिरतं. माझंही फिरायचं. नौपाड्यातल्या सरांच्या घरून निघाले की ठाकुर्लीला माझ्या घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडायचे. मग चहा घेऊन निमूटपणे दुरुस्त्या करायला बसायचे, कारण त्यातला एकही शेरा उगाच नसायचा.

सरांनी मला एम.ए.ला इतिहास शिकवला. पुढे मी कल्याणच्या एका कॉलेजात नोकरीला लागले, संसारात पडले, आणि मुलगी शिकायला परगावी गेल्यावर पीएच.डी. करायची म्हणून पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहिले. विषय ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं आणि तिथे राबलेली माणसं. सर तेव्हा निवृत्तीच्या बेतात होते. “तू माझी शेवटची. तुझ्यानंतर दुकान बंद,” असं त्यांनी नोंदणीच्या वेळीच सांगून टाकलं होतं.

तिसरं प्रकरण मात्र जवळजवळ कोरं परत आलं. शेवटच्या पानावर ‘ठीक’ आणि सही. मला आकाश ठेंगणं झालं. येताना मुद्दाम डोंबिवलीला उतरून श्रीखंड घेतलं. नवरा चमच्याने चाटत म्हणाला, “अगं, सरांची तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, “माझं कुणी कौतुक केलं की तुझ्या पोटात का दुखतं?”

चौथंही तसंच आलं. या वेळी मी श्रीखंड न आणता पानं नीट बघितली. एका ओळीखाली मारलेली रेघ अक्षरांच्या मधूनच गेली होती. एक गोल काढला होता, तो चक्क कोऱ्या जागेभोवती. पुढच्या खेपेला गेले तेव्हा मी शेरे बघायचे सोडून सरांकडे बघत बसले. मी दिलेल्या संदर्भांच्या यादीचं पान त्यांनी खिडकीकडे तिरकं धरलं, मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहू लागले. बराच वेळ पाहिलं आणि पेन्सिल न टेकवताच पान उलटलं. मला मागच्या श्रीखंडाची लाज वाटली.

सरांना वाचता येत नव्हतं. सगळ्यात महत्त्वाचं पाचवं प्रकरण अजून त्यांच्या हातात पडायचं होतं. मी विषय काढला तर हा माणूस त्याच दिवशी विद्यापीठाला पत्र लिहून मोकळा होणार, मला दुसरे मार्गदर्शक मिळणार आणि त्यांना मिठागर म्हणजे काय इथपासून समजावून सांगावं लागणार, ही माझी एक भीती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ज्या माणसाने जन्मभर वाचण्यापलीकडे काही केलं नाही, त्याचं वाचणं थांबलं तर तो सकाळी उठून करणार काय? आणि माझं लिहिलेलं इतक्या रागाने पुन्हा कोण वाचणार?

सरळ विचारायची सोय नव्हती. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, एकदा त्यांच्यासाठी हातात धरायची काठी आणून ठेवली होती. सरांनी तिचा कपडे वाळत घालायला उपयोग सुरू केला. काकूंना बाल्कनीत त्या काठीने लुगडं दोरीवर सारताना मी बघितलंय.

आपल्याकडे मोठ्यांना औषध द्यायचं तर त्यांचा सल्ला मागावा लागतो. माझ्या सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं असलं की माझा नवरा सांगतो, “बाबा, मला दाखवायचंय, सोबत येता का?” तिथे गेल्यावर डॉक्टर सहज म्हणून बाबांचाही रक्तदाब बघतात. सासऱ्यांना हे ठाऊक आहे, डॉक्टरांनाही ठाऊक आहे, आणि सगळे अगदी गंभीर चेहऱ्याने ते नाटक पार पाडतात. मी तोच मार्ग धरला. पुढच्या भेटीत म्हटलं, “सर, छापील पानांचे गठ्ठे वाहून खांदा दुखायला लागलाय. लेख वाचायला आणि त्यावर लिहायला एक टॅब घ्यायचा विचार आहे. मला त्यातलं कळत नाही. आणते, तुम्ही जरा बघून सांगाल का?”

सर म्हणाले, “मला त्यातलं काय कळतंय?”

“यंत्रातलं नाही, सर. त्यावर काम करता येईल की नाही ते.”

“बघू,” ते म्हणाले. सरांच्या भाषेत ‘बघू’ म्हणजे होकारच.

आता टॅब निवडायला घेतला. साधा चकचकीत टॅब कामाचा नव्हता. कॉम्प्युटरचा उजेड डोळ्यांत टोचतो, अशी सरांची जुनी तक्रार. त्यांना हवा होता तो ई-इंकचा, म्हणजे ज्याचा पडदा कागदासारखा दिसतो आणि ज्याच्यावर खास पेनने लिहिता येतं. हे ऐकल्यावर नवऱ्याच्या अंगात आलं. तो बँकेत आहे, आणि पाच रुपयांची वस्तू घ्यायलाही त्याला चौकशी समिती लागते. आठवडाभर आमच्या घरात जेवताना हिंदीतून टॅबची परीक्षणं चालू असायची. ठाण्याच्या एका मॉलमध्ये गेलो, तर तिथला विक्रेता आम्हाला परत परत सिनेमा दाखवणारा टॅब दाखवत राहिला. “मॅडम, इसमें कलर भी है,” असं त्याने मला इतक्या काळजीने सांगितलं, जणू कृष्णधवल मागणारी बाई दुःखात असावी.

शेवटी कामाला आली ती आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, विठ्ठलवाडीला राहणारी पोरगी. तिच्याकडे असा टॅब आहे म्हटल्यावर मी एका रविवारी तिच्या घरी जाऊन थडकले. तिने माझ्यापुढे पोहे ठेवले आणि मागोमाग माझ्या सगळ्या भ्रमांचा निकाल लावला.

“मॅम, छोटा नका घेऊ. कादंबरी वाचायला ठीक आहे, पण आपले पेपर ए-फोरचे. त्यावर मुंग्या दिसतात मुंग्या.”

“मग सगळ्यात मोठा?”

“मी तोच घेणार होते. दुकानात एकाचा धरून बघितला, मनगट गेलं. आणि रंगीत तर बिलकुल नका घेऊ, पोपट होईल. मागचा कागद करडा पडतो, काळी अक्षरं उठत नाहीत.”

मी तिच्या टॅबवर माझंच तिसरं प्रकरण टाकून बघितलं. पान बदलताना पडदा क्षणभर काळा होऊन लखलखला तेव्हा मी दचकले. तिने ते नेहमीचं म्हणून सांगितलं. जुन्या अहवालाचं स्कॅन उघडायला त्याने इतका वेळ घेतला की पोहे संपले. पण तीन गोष्टींनी मला जिंकलं. पानाच्या चारी बाजूंचा कोरा भाग कापला की अक्षरं मोठी होत. शाई गडद करता येई. आणि उलट, पान एका बाजूला सरकवून शेऱ्यांसाठी हवी तेवढी मोकळी जागाही काढता येई. पडद्याचा पृष्ठभाग जरासा खरखरीत होता. पेन टेकवलं तर ते कागदावर चालल्यासारखं चालत होतं, बारीक आवाजही करत होतं. मी त्याच्यावर एक रेघ मारली आणि मला एकदम सरांची आठवण झाली. त्या पोरीसमोर डोळे भरून येतील म्हणून मी घाईघाईने पाणी मागितलं.

मधल्या मापाचा, बिनरंगाचा, वरून मंद उजेड टाकता येणारा टॅब मागवला. शुक्रवारी आला. त्या संध्याकाळी बसून मी त्यात पाचवं प्रकरण आणि सरांना ओळखीचे असलेले काही लेख घातले. शनिवारी कॉलेजातून आले, तर टॅब तपकिरी कव्हरात घालून, बॅगेत, निघायच्या तयारीत ठेवलेला. नवरा म्हणाला, “तुझं काम करून ठेवलंय.” मला वाटलं, चार्ज केला असेल. मी त्याला शाबासकी दिली.

रविवारी सकाळी सरांकडे गेले. काकूंनी दार उघडलं. सर टेबलाशी बसले होते, डोक्यावर ट्यूबलाइट. मी मोठ्या थाटात कव्हर उघडून टॅब त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो समोर धरला, तिरका केला, मान वळवली, पुन्हा सरळ धरला.

“यात मला ट्यूबलाइट दिसतेय,” ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. मलाही दिसली. तिच्या खाली पंखा, आणि पंख्याच्या खाली माझा वेडावाकडा चेहरा. त्या खरखरीत, कागदासारख्या पडद्यावर आरशासारखी गुळगुळीत फिल्म चिकटवलेली होती. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. आमच्या घरात वस्तूच्या आधी तिचं कव्हर येतं. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, फ्रीजच्या हँडलला झबलं असतं, सोफ्यावर चादर आणि पाहुणे आले की त्या चादरीवर दुसरी चादर. नवऱ्याने स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याकडे जाऊन, कुठल्याही मापाची फिल्म कापणाऱ्या मशीनवर माझ्या नव्या टॅबला संरक्षण कापून आणलं होतं.

मी फिल्मचा कोपरा नखाने उचकटायला लागले, पण ती हाताला येईना. सरांनी पेन घेऊन एक अक्षर काढायचा प्रयत्न केला, ते काचेवर घसरल्यासारखं भलतीकडे गेलं. त्यांनी पेन शांतपणे खाली ठेवलं.

“तुला चालत असेल तर घे,” ते म्हणाले. “मला विचारशील तर छापील पानंच बरी.”

मी चपला घालताना काकू दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “डोळ्यातल्या पडद्याचा त्रास आहे गं. नजरेच्या मधोमध धूसर झालंय. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकवायचं. पेपर मी वाचून दाखवते. तुझी पानं वाचू का म्हटलं, तर चिडतात. म्हणतात, ते वाचून दाखवायचं नसतं, ते तपासायचं असतं.”

मी जिना उतरले. एक संधी होती, ती फुकट गेली. मोठ्या माणसाला एकदा सल्ला विचारता येतो. त्याने नको म्हटल्यावर तोच पुन्हा विचारायचा म्हणजे त्याचा अडाणीपणा काढल्यासारखं होतं.

घरी आल्यावर नवऱ्यावर मी जी तोफ डागली ती खालच्या मजल्यावरही ऐकू गेली असणार. तो बिचारा कानकोंडा होऊन म्हणाला, “अगं, ओरखडे पडले असते. त्याच्याकडे मॅटवाली पण होती, पण मीच म्हटलं चांगली चकचकीत लाव.” मग चूक समजल्यावर तोच टॅब घेऊन बसला. हेअर ड्रायरची मंद गरम हवा देत, टूथपिकने कोपरा उचलत, श्वास रोखून त्याने ती फिल्म एका तुकड्यात काढली. पुसून टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “सरांना सांग, माझ्या नवऱ्याने घाण केली. खरं तेच सांग.” माझा राग तिथेच अर्धा उतरला.

मी खरं तेच सांगितलं. पुढच्या रविवारी टॅब पाठीमागे धरूनच सरांच्या खोलीत शिरले आणि सगळी हकीकत सांगून टाकली, फ्रीजच्या झबल्यासकट. सर हसायला लागले. इतके हसले की काकू बाहेर आल्या. काकूंच्या हातात टीव्हीचा रिमोट होता आणि रिमोट दुधाच्या पिशवीत होता. ते बघून आम्ही दोघंही पुन्हा हसलो.

“आण इकडे तुझी पाटी,” सर म्हणाले.

या वेळी मी त्यांना काही समजावलं नाही. पानाच्या कडा कापून, अक्षर मोठं करून, शाई गडद करून पाचव्या प्रकरणाचं पहिलं पान उघडून दिलं आणि काकूंना मदत करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. तिथून कान बाहेरच होता. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग सरांचा आवाज. ते अडखळत, एकेक शब्द सुटा करत माझं वाक्य मोठ्याने वाचत होते. काकूंनी गॅस बंद केला. त्यांच्या हातातला चिमटा तसाच हातात होता, आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून, परीक्षेच्या निकालाला उभ्या असल्यासारख्या उभ्या होतो.

मी बाहेर आले तेव्हा सर म्हणाले, “यंत्र दोन-चार दिवस वापरल्याशिवाय मत देता येत नाही. ठेवून जा.”

“ठेवते, सर,” मी म्हटलं. “नीट बघा. महागाची वस्तू आहे.”

मधल्या दिवसांत मी कॉलेजात शिकवत होते, पण लक्ष फोनकडे. फिजिक्सवाली रोज विचारायची, “मॅम, सरांचा रिव्ह्यू आला का?” शेवटी फोन आला. नुसतं “ये,” एवढंच. मी पेपर तपासायचे सोडून तशीच निघाले.

सर टेबलाशीच होते. टॅब समोर, पेन हातात. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. पाचव्या प्रकरणाचं पान एका बाजूला सरकवलेलं होतं आणि उरलेल्या जागेत थोराड, थरथरत्या अक्षरात शेरे. पुढच्या पानावर शेरे. त्याच्या पुढच्या पानावर एक अख्खा परिच्छेद आडवा कापलेला. मला इतका आनंद झाला की काय लिहिलंय ते वाचायचंही सुचलं नाही.

“पाचवं चांगलं होईल,” सर म्हणाले. “मेहनत घ्यावी लागेल.”

“घेईन, सर.”

“बस. दुसरं एक सांगायचंय.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तिसरं आणि चौथं मी वाचलेलं नाही. दिसतच नव्हतं. ‘ठीक’ लिहून सही केली. ती दोन्ही यात घालून दे. चौथ्याची तू दिलेली जादा प्रत इथेच होती, तिच्या काही पानांचे फोटो काढून तुझ्या काकूने या पाटीत घालून दिले, ते मोठे करून बघितले. त्यात गडबड आहे. मजुरीचे आकडे तू जसेच्या तसे उचललेस, ते मालकांचे आकडे आहेत. तिथून पुढचं सगळं हलतं. यंदा प्रबंध सादर होणार नाही.”

मला हे अपेक्षित नव्हतं. सादर करायची तारीख मी मनात ठरवून टाकली होती, मुलीला कळवली होती, रजेचा अर्ज दिला होता. रागाने माझे कान तापले. इतके महिने मी त्या ‘ठीक’वर पुढचे मजले चढवत बसले होते.

“तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?” माझा आवाज चढला. सरांशी मी तशी कधी बोलले नव्हते.

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. खिडकीकडे बघत, म्हणजे तोंड तिकडे करून, म्हणाले, “तू यंत्र स्वतःसाठी घेत नाहीस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तुला दुसरा मार्गदर्शक मिळाला असता. मला दुसरी विद्यार्थिनी मिळाली नसती.”

माझा राग गेला नाही. तो होता तिथेच होता आणि त्याच्या शेजारीच रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

“रागावलीस?” सरांनी विचारलं.

“हो, रागावले.”

“रागाव. तिसरं प्रकरण आणलंयस का?”

ते माझ्या पेन ड्राइव्हमध्ये होतं. मी डोळे पुसले, त्यांचा लॅपटॉप उघडून तार जोडली आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हटलं, “काकू, मलाही जेवायला धरा. आज मला उशीर होणार आहे.”